टर्निटिनचा रिपोर्ट: टक्का दिसतो, चोरी वाचावी लागते

थिसिसचे सबमिशन जवळ आले की विभागात, ग्रंथालयात, झेरॉक्सच्या दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो: "किती टक्के आले?" आकडा दहाच्या आत असला की सुटकेचा निःश्वास, वर गेला की धावपळ. थिसिसमधला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळतो, ते हा आकडा सांगतो. तो काढून देणाऱ्या साधनांत सगळ्यांत जास्त नाव टर्निटिनचे आहे. त्याच्या सिमिलॅरिटी रिपोर्टचा हा आढावा महाराष्ट्रातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी, गाईडसाठी आणि ग्रंथपालांसाठी आहे, आणि जे मराठीतून प्रबंध लिहितात त्यांच्यासाठी विशेष. मत सुरुवातीलाच सांगतो. इंग्रजी मजकुरासाठी हे साधन उत्तम शोधक आहे. मराठी मजकुरासाठी ते अर्धेच पाहते. आणि दोन्ही भाषांत ते साम्य शोधते. ते साम्य म्हणजे चोरी आहे की नाही, हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्या माणसाचे आहे. ते काम बहुतेक ठिकाणी होत नाही, ही या साधनाभोवतीची सगळ्यांत मोठी अडचण आहे.

टर्निटिनची सुरुवात १९९८ साली कॅलिफोर्नियात झाली. तुम्ही दिलेली फाईल ते तीन साठ्यांशी ताडून पाहते: इंटरनेटवरची आजची आणि जुनी पाने, प्रकाशकांकडून मिळालेली जर्नले व पुस्तके, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी पूर्वी जमा केलेले लेखन. रिपोर्टमध्ये जुळलेला मजकूर रंगवून येतो, बाजूला स्रोतांची यादी येते आणि एकूण टक्का येतो. टक्क्याला रंग असतो: काहीच जुळले नाही तर निळा, २४ पर्यंत हिरवा, ४९ पर्यंत पिवळा, ७४ पर्यंत नारिंगी, त्यापुढे लाल. या रंगांनी बरेच नुकसान केले आहे, कारण हिरवा म्हणजे पास आणि पिवळा म्हणजे नापास अशी समजूत पक्की झाली आहे.

रिपोर्ट बरा यायचा असेल तर तयारी फाईलपासून करावी लागते. मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका काढून ठेवा. या पानांची भाषा त्याच विद्यापीठाच्या प्रत्येक थिसिसशी जुळणारच. ग्रंथसूची वगळण्याची सोय आहे, पण यंत्र ती शीर्षकावरून ओळखते. ‘संदर्भग्रंथ सूची’ हे मराठी शीर्षक ते ओळखेल यावर विसंबू नका, सूचीही वेगळी काढा. शक्यतो वर्डची फाईल द्या, पीडीएफ नको. कारण पुढे येईल. एका वेळी एकच प्रकरण तपासले तर रिपोर्ट वाचण्याजोगा राहतो. अडीचशे पानांचा रिपोर्ट कोणी वाचत नाही, फक्त पहिल्या पानावरचा आकडा पाहतो. त्याच असाइनमेंटमध्ये, म्हणजे टर्निटिनवर फाईल देण्याच्या त्याच जागी, सुधारित फाईल पुन्हा देता येते. पहिल्या तीन वेळा रिपोर्ट लवकर मिळतो, त्यानंतर प्रत्येक वेळी २४ तास थांबावे लागते. म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची सेटिंग साठवणुकीची आहे. मसुदा तपासताना खाते चालवणाऱ्याने तो रिपॉझिटरीत, म्हणजे टर्निटिनच्या कायमच्या साठ्यात, जाणार नाही असा पर्याय निवडला पाहिजे. मसुदा साठवला गेला आणि अंतिम प्रत दुसऱ्या खात्यातून तपासली, तर विद्यार्थ्याचा थिसिस त्याच्याच मसुद्याशी जुळतो आणि टक्का नव्वदच्या पुढे जातो. त्यात विद्यार्थ्याचा काही दोष नसतो, पण ती नोंद काढून घ्यायला संस्थेला कंपनीकडे विनंती करावी लागते आणि त्यात सबमिशनची तारीख निघून जाऊ शकते.

आता नियमाकडे वळू, कारण टक्क्याची भीती तिथून येते. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे विनियम विद्यार्थ्यांच्या लेखनाचे चार स्तर करतात. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० च्या वर ते ४० पर्यंत, सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचे. ४० च्या वर ते ६० पर्यंत, एक वर्ष सुधारित प्रत देण्यास मनाई. ६० च्या वर, नोंदणी रद्द. पदवी मिळाल्यानंतर उचलेगिरी सिद्ध झाली तर पदवी ठरावीक काळ स्थगित ठेवण्याची तरतूदही आहे. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, कायदे, प्रमाण सूत्रे आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य जुळणी मोजणीतून वगळायची आहे. तक्रार आली तर आधी विभागाची आणि मग संस्थेची समिती ती तपासते.

नियम वाईट नाही, पण तो आकड्यावर उभा आहे, आणि आकडा कसा फसवतो ते पाहा. ३०० पानांच्या थिसिसमध्ये १० टक्के म्हणजे ३० पाने. कोणी २५ पानांचे एक प्रकरण जसेच्या तसे उचलले आणि बाकीचे स्वतः लिहिले, तर एकूण टक्का नऊच्या आत राहतो. आकड्यापुरते पाहणाऱ्याच्या लेखी हा स्वच्छ थिसिस आहे. दुसरीकडे, रसायनशास्त्राच्या एखाद्या प्रामाणिक विद्यार्थिनीचा टक्का १६ येतो, कारण उपकरणांची वर्णने, संयुगांची लांब नावे आणि प्रयोगपद्धतीची ठरलेली वाक्ये शंभर स्रोतांशी थोडी थोडी जुळतात. तिला ‘सुधारून आणा’ म्हणून परत पाठवले जाते. सुधारायचे काय, हे कोणीच सांगत नाही, कारण चुकलेले काही नसतेच.

म्हणून रिपोर्ट उघडला की एकूण टक्का बाजूला ठेवून स्रोतांची यादी पाहावी. पहिल्या स्रोताशी ८ टक्के जुळणी आणि बाकी सगळे एकच्या आत असेल, तर तो पहिला स्रोत उघडून दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचलेच पाहिजेत. साठ स्रोत आणि प्रत्येकाशी अर्धा-एक टक्का, असे असेल तर बहुतेक वेळा ती विषयाची ठरलेली भाषा असते. टर्निटिनच्या नव्या रिपोर्टमध्ये जुळण्यांचे चार गट पाडून मिळतात: अवतरणचिन्हही नाही आणि संदर्भही नाही, संदर्भ आहे पण अवतरणचिन्ह नाही, अवतरणचिन्ह आहे पण संदर्भ नाही, आणि दोन्ही आहेत. शिकवण्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे. पहिल्या वर्षाच्या संशोधकाला समोर बसवून दुसरा गट दाखवला, तर नाव दिले तरी दुसऱ्याची वाक्ये आपली म्हणून वापरता येत नाहीत, ही गोष्ट त्याला पंधरा मिनिटांत समजते. तासभराच्या व्याख्यानाने ती समजत नाही. या एका कामासाठीसुद्धा मी हे साधन ठेवावे असे म्हणेन.

मराठी प्रबंधांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

पहिला अडथळा फॉन्टचा. आजही पुष्कळ प्रबंध श्री-लिपी, शिवाजी किंवा डीव्हीबी मालिकेतल्या फॉन्टमध्ये टाइप होतात. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. यंत्र ती चिन्हे वाचते, त्यांच्याशी जुळणारे जगात काही नसते, आणि रिपोर्ट येतो शून्य टक्के. मराठी थिसिसचा रिपोर्ट शून्य किंवा एक टक्का आला, तर अभिनंदन करण्याआधी फॉन्ट विचारा. खात्री करणे सोपे आहे: फाईलमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. वाचता येणारी मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या संकेतात, आहे. विचित्र चिन्हांची रांग दिसली तर तो रिपोर्ट रद्द समजा. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलता येते, पण नंतर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या-ऱ्हा’ची अक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात, तिथे हमखास मोडतोड होते.

दुसरा अडथळा पीडीएफचा. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराचीही पीडीएफ केली की आतला क्रम बिघडू शकतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षर तुटते, मधेच जागा येते. आपल्याला पान नीट दिसते, यंत्राला मोडलेले शब्द मिळतात. त्यात आणखी एक बारकावा: ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, आणि कीबोर्ड बदलला की आतला संकेतही बदलतो. दोन्ही रूपे एकच धरण्याची व्यवस्था साधनात नसेल, तर तोच शब्द त्याला वेगळा वाटणार.

तिसरा, अवतरणांचा. अवतरण वगळण्याची सोय दुहेरी अवतरणचिन्ह ओळखते, एकेरी ओळखत नाही. मराठीत आपण एकेरी चिन्हे सर्रास वापरतो, आणि ओव्या-अभंग तर चिन्हाशिवाय, मधे जागा सोडून छापतो. तुकोबांची गाथा युनिकोडमध्ये इंटरनेटवर आहे. तिच्यावरच्या प्रबंधात दोनशे अभंग उद्धृत केले असतील तर सगळे जुळणार आणि टक्का तिशीत जाणार. अशा वेळी अभंग कमी करायला सांगणे हा विषयावर अन्याय आहे. गाईडने त्या जुळण्या रिपोर्टमध्ये एकेक करून वगळाव्यात आणि काय वगळले याची सहीनिशी टीप जोडावी. संतसाहित्य, लोकसाहित्य आणि संपादित संहिता यांच्या प्रत्येक प्रबंधाला हे लागू आहे.

चौथी गोष्ट त्या १४ शब्दांची. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीला सहा शब्द लागतात तिथे ‘विद्यापीठाच्या ग्रंथालयातून’ असे दोन शब्द पुरतात. त्यामुळे मराठीतले सलग १४ शब्द म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण वाक्य, कधी दोन. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली सूट मराठीत अख्खी वाक्ये सोडून देते. मराठी मजकुरासाठी पहिला रिपोर्ट ही सूट न लावता काढून पाहावा, असा आग्रह आहे. नियमानुसार अंतिम आकडा नंतर काढता येतो.

पण सगळ्यांत मोठी उणीव साठ्याची आहे. मराठी विकिपीडिया, मराठी विश्वकोश, वृत्तपत्रांची संकेतस्थळे यांवरून उचललेला मजकूर सापडू शकतो, कारण तो युनिकोडमध्ये आहे. जुन्या नियतकालिकांचे अंक, गावोगावच्या प्रकाशकांची पुस्तके, एम.ए.चे लघुप्रबंध, स्कॅन करून चढवलेली पाने यांतले फारच थोडे यंत्राला वाचता येते. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध आहेत, पण ज्यांची पाने नुसती चित्रे म्हणून चढली आहेत किंवा जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांतून केलेली उचल रिपोर्टमध्ये दिसणार नाही. हिंदी किंवा इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून आपल्या नावावर घातला, तर तो पकडला जाईल असे गृहीत धरूच नये. मराठी प्रबंधांत हा प्रकार सर्वांत जास्त संभवतो, आणि तो ओळखण्याचा भरवशाचा मार्ग एकच: त्या विषयाचे मूळ साहित्य वाचलेला गाईड.

जर्मनीचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथले संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातली उचल २०११ साली उघड झाली. ब्रेमेनच्या एका कायद्याच्या प्राध्यापकाला त्या ग्रंथाचे परीक्षण लिहिताना ओळखीची वाक्ये दिसली. मग स्वयंसेवकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानामागून पान मूळ स्रोतांशेजारी ठेवले. बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली आणि १ मार्चला त्यांनी मंत्रिपद सोडले. युरोपातल्या अभ्यासकांच्या एका गटाने २०२० मध्ये अशी १५ साधने आठ भाषांत तपासली. या साधनांना मजकुराचे साम्य कळते, वाङ्मयचौर्य ठरवायला माणूसच लागतो, असा त्यांचाही निष्कर्ष होता. त्या आठ भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती.

टक्क्याच्या धास्तीने एक नवा धंदा उभा केला आहे: ‘पर्सेंटेज कमी करून मिळेल’. काही जण समानार्थी शब्द घालणारे सॉफ्टवेअर वापरतात, काही जण अक्षरांच्या जागी दुसऱ्या लिपीतली तशीच दिसणारी अक्षरे बसवतात किंवा पांढऱ्या रंगात अदृश्य मजकूर घालतात. शेवटच्या दोन युक्त्या टर्निटिन वेगळ्या इशाऱ्याने दाखवते, आणि तेव्हा चूक झाली असे म्हणायला जागा उरत नाही. हेतू उघडा पडतो. समानार्थी शब्दांच्या युक्तीचे परिणाम जगभर पाहायला मिळतात. २०२१ साली संशोधकांनी इंग्रजी शोधनिबंधांत असे शब्दप्रयोग शोधले, की ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’. जुळणी टळली आणि अर्थ मेला. अशी वाक्ये असलेल्या थिसिसचा टक्का पाच येतो, पण व्हायव्हात पहिल्या प्रश्नालाच तो उघडा पडतो.

या धंद्यात आणखी एक धोका आहे. बाहेरच्या माणसाला दिलेली फाईल कुठल्या खात्यातून, कुठल्या सेटिंगवर तपासली जाते हे विद्यार्थ्याला कळत नाही. टर्निटिनचे खाते एकट्या विद्यार्थ्याला विकत मिळत नाही, ते संस्थेला मिळते. तेव्हा दुकानातले खाते कुणाचे, हा प्रश्नच आहे. ती फाईल साठवली गेली तर वर सांगितलेली नव्वद टक्क्यांची आपत्ती, आणि तुमचे अप्रकाशित काम परक्याच्या हातात.

एआयबद्दल थोडक्यात. टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये एआय-लेखन ओळखण्याची सोय आणली. मराठी मजकुरासाठी ती नाही. इंग्रजीतही २० टक्क्यांच्या खालचा आकडा ते दाखवत नाही, कारण तिथे चुका वाढतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये ही सोय बंद केली. त्यांचा हिशोब असा होता: वर्षाला ७५,००० लेखने तपासली आणि चूक फक्त एक टक्का धरली, तरी ७५० निर्दोष लेखनांवर ठपका येतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी सात डिटेक्टरांना, ज्यांत टर्निटिन नव्हते, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध दिले. सरासरी साठ टक्क्यांहून अधिक निबंधांवर एआयचा शिक्का बसला. साधे, सावध, पुस्तकी इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलांना हे तंतोतंत लागू पडते. या आकड्यावर कोणाला दोषी ठरवू नये. विद्यार्थ्याने मात्र टिपणवह्या, मुलाखतींच्या ध्वनिफिती, मसुद्यांच्या तारीखवार प्रती आणि फाईलचा बदल-इतिहास जपून ठेवावा. ठपका आलाच तर श्रमाचा हाच पुरावा उपयोगी पडतो.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारले तर पदवीची शान हे कारण मला पुरेसे वाटत नाही. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घ्या. एका संशोधिकेने एका तालुक्यात फिरून, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि साल नोंदवून त्या जमवल्या. दुसऱ्याने त्या श्रेय न देता स्वतःच्या क्षेत्रकार्यात घातल्या. आता तिसरा अभ्यासक दोन्ही प्रबंध वाचतो आणि लिहितो, की ही ओवी दोन तालुक्यांत स्वतंत्रपणे मिळते. एका पुराव्याचे दोन झाले, आणि गाणारी बाई एका ठिकाणी पुसली गेली. सर्वेक्षणाच्या आकड्यांत, पिकांच्या किंवा रुग्णांच्या नोंदींत हेच घडले तर त्यावर निर्णय घेतले जातात. ही हानी टक्क्यात दिसत नाही.

मग कोणी काय घ्यावे? विज्ञान, अभियांत्रिकी, व्यवस्थापन यांचे इंग्रजी प्रबंध मोठ्या संख्येने येत असतील आणि रिपोर्ट वाचायला माणसे असतील, तर टर्निटिन घेण्याजोगे आहे. पाचपैकी चार तारे. विद्यापीठाला इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राच्या) शोधशुद्धी योजनेतून साधन मिळत असेल, ज्यात २०१९ साली अर्कुंड होते आणि पुढे ड्रिलबिट आले, तर आधी ते पूर्ण वापरा. फक्त नावासाठी दुसरे विकत घेण्यात अर्थ नाही. मराठी विभागासाठी टर्निटिनला दोन तारे, तेही शिकवण्याच्या उपयोगासाठी.

कोणतेही साधन घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या नमुना-फाईलवर समाधान मानू नका. आपल्या पाच फाईली द्या: विश्वकोशातले एक पान जसेच्या तसे घेतलेली वर्ड फाईल, त्याच मजकुराची पीडीएफ, तोच मजकूर श्री-लिपीत, शोधगंगेवरच्या एखाद्या मराठी प्रबंधातली दोन पाने, आणि इंग्रजी लेखाच्या एका पानाचा मराठी अनुवाद. पाचही फाईलींतला मजकूर शंभर टक्के उचललेला आहे हे तुम्हाला माहीत आहे. पाचांपैकी किती पकडले ते लिहून घ्या आणि तो कागद खरेदीच्या फाईलीला जोडा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्याच पाच फाईली पुन्हा चालवा.